हनामावशींचे दहा पुरुष

"तुमच्या ओळखीत पुरुष आहेत का हो? मला दहा पाहिजेत."

आम्ही औरंगाबादला गारखेड्यात राहायला आलो त्या दिवशी, सामानाचा टेम्पो अजून दारात उभा असताना, शेजारच्या कुंपणावरून एका साठी ओलांडलेल्या बाईंनी माझ्या सासूबाईंना विचारलेला हा पहिला प्रश्न. सासूबाईंच्या हातात पोळपाट होता. तो त्यांनी ढालीसारखा छातीशी धरला. त्यांचा सगळा जन्म फुलंब्रीकडच्या खेड्यात गेलेला. शहरातले लोक कसे असतात याबद्दल गावातल्या बायांनी त्यांना पुष्कळ सावध केलं होतं, पण त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं.

"कशाला वो?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"प्रार्थनेला गो बाय. पण आमच्यातलेच पाहिजेत. तुमचे नाय चालायचे."

एवढं बोलून बाई आत गेल्या आणि पाचच मिनिटांत आम्हा सगळ्यांसाठी, टेम्पोवाल्यासकट, चहा घेऊन आल्या. चहा फक्कड होता. तरीपण संध्याकाळी सासूबाईंनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "अंकुश, ते कुंपण वाईच उंच करून घे बाबा."

त्या बाई म्हणजे हनामावशी. हना डेव्हिड झिराडकर.

या नावानं आमच्या गल्लीला बरीच वर्षं कोड्यात टाकलं होतं. आडनाव ऐकून किराणावाले शेटजी त्यांना कोकणातले ब्राह्मण समजत आणि पितृपंधरवड्यात न मागता काळे तीळ बांधून देत. हना ऐकून दूधवाला त्यांना नाताळच्या शुभेच्छा देई. आणि त्यांच्या गेलेल्या यजमानांना तर सगळं स्टेशन 'दाऊदभाई' म्हणायचं, म्हणून जुने हमाल ईदला शीरखुर्मा घेऊन येत. मावशी सगळं ठेवून घेत. "कोण देतोय तर घ्यायच्या शुभेच्छा," त्या म्हणत. "परत कुठे करत बसू?"

पोलीस ॲक्शननंतर निजामाची रेल्वे आपल्या सरकारकडे आली तेव्हा मराठी जाणणारा बाबू म्हणून डेव्हिडकाकांची इकडे बदली झाली होती. तिकिटाच्या खिडकीत बसून त्यांनी नोकरी संपवली आणि रिटायर झाल्यावर गारखेड्यात दोन खोल्या बांधल्या. लग्न करून इथं आल्या तेव्हा मावशींना ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती; हे मला सांगताना त्या इतक्या वर्षांनीही जीभ चावत. त्यांना एकच मुलगी. ती लग्न होऊन इस्राएलला गेलेली. काका वारले, आणि या एवढ्या मोठ्या शहरात त्यांच्या धर्माचं एकच घर आणि त्या घरात एकच माणूस उरलं.

सासूबाईंना हा धर्म कळायला थोडा वेळ लागला. पहिल्या रविवारी शेजारधर्म म्हणून त्यांनी मटणाचा रस्सा पाठवला. तो जसाच्या तसा परत आला. "आमच्यात नाय हो चालत!" हे मावशींचं पेटंट वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

"बामन हायत जणू," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दही पाठवलं, ते चाललं. सासूबाईंची खात्री पटली. आणि गुरुवारी बाजारात बघतात तर बामनीणबाई मासळीवालीसमोर उकिडव्या बसून, पैठणच्या धरणातल्या माशाला उलटापालटा करून त्याचे खवले तपासताहेत! ज्याला खवले नाहीत तो मासा त्यांच्यात चालत नाही, आणि त्यांच्या रीतीनं न कापलेलं मटणही नाही. मासळीवाली शिंगाळा पुढं करी आणि मावशी त्याच्या मिशांकडे बघून म्हणत, "हा मिशीवाला नको. खवला दाखव, खवला!" मासळीवाली वैतागून म्हणायची, "मावशी, कालवण करायचंय का ह्याच्याशी पोरीचं लगीन लावायचंय?"

शेवटी सासूबाईंनीच एकदा कुंपणापाशी थेट विचारलं, "तुम्ही हाय तरी कोण वो?"

मावशींनी सगळं सांगितलं. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. फार फार पूर्वी गलबत फुटलं, त्यातून वाचलेली माणसं अलिबागजवळच्या किनाऱ्याला लागली, तिथंच राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी त्यांच्यात काम करत नाहीत, म्हणून शनिवारी घाणा बंद. त्यामुळे गाववाले त्यांना शनवार तेली म्हणत.

सासूबाईंचा चेहरा उजळला. "तेली! मग आधीच सांगायचं की. आमच्या गावात दोन घरं हायत." कुंपण उंच करायचा विषय त्या दिवशी मिटला.

मावशींचं वर्ष आमच्यासारखं चैत्र-वैशाखावर चालत नसे, ते सैपाकघरातून चाले. नव्या वर्षाचा सण आला की गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. मग दारं लावून घ्यायचा उपासाचा दिवस, त्याला त्या 'दारफळणीचा सण' म्हणत. त्यानंतर खिरीचा सण. दुःखाचा म्हणून एक दिवस असे, त्या दिवशी जमिनीवर बसून वालाचं बिरडं खायचं, म्हणून तो बिरड्याचा सण. सासूबाईंना हे पंचांग इतकं पसंत पडलं की त्या गावाकडं गेल्यावर बायांना सांगत, "त्यांच्यात सणाला देवाचं नाव नसतंय, कालवणाचं असतंय. इसरायला होत नाय."

नारळाचं मात्र दोघींचं कधी जमलं नाही. मावशी आठवड्याला दोन-चार नारळ खवत. सासूबाई म्हणायच्या, "आमच्याकडं नारळ देवळात फुटतोय, तुमच्याकडं पातेल्यात."

आणि एक सण तर वादाचाच ठरला. वसंतातल्या त्या सणात आठवडाभर खमीर वर्ज्य, नुसती बिन खमिराची भाकरी. मावशी घर धुऊन काढत, डबे उन्हात घालत, भांड्यांना कल्हई करून घेत, जणू घरात राजा येणार आहे. सासूबाईंनी ते सगळं चार दिवस कुंपणावरून पाहिलं आणि मग विचारलं, "एवढं करून खायचं काय म्हणता?"

"भाकरी. बिन खमिराची."

"बाई! आम्ही बारा महिने तेच खातो. आमच्यात त्याला सण नाय म्हणत, जेवान म्हणत्यात."

मावशी हसून हसून खाली बसल्या.

शनिवारी मावशी चूल पेटवत नसत. दुसऱ्याला सांगून पेटवून घेणंही मनाला पटत नसे. पण सकाळच्या चहाशिवाय त्यांचं डोकं धरायचं. मग त्या कुंपणापाशी येऊन आभाळाकडं बघत म्हणायच्या, "आज काय गारठा आहे गो! कुणाकुणाच्या घरात चहा उकळत असेल आता." सासूबाई पहिल्या शनिवारी म्हणाल्या, "असंल की." दुसऱ्या शनिवारी त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर दर शनिवारी उजाडलं की त्या मावशींच्या सैपाकघरात जात, गॅस पेटवत, चहा टाकत, आणि मावशी बाहेर ओट्यावर, आत काय चाललंय ते आपल्याला मुळीच माहीत नाही अशा चेहऱ्यानं बसून राहत.

पण सगळ्यात वरचढ होता तो दहा पुरुषांचा शोध.

त्यांच्या धर्मात म्हणे काही प्रार्थना दहा मोठे पुरुष जमल्याशिवाय करताच येत नाहीत. दहा म्हणजे दहा. नऊ अगदी संत जमले तरी उपयोग नाही. आणि एखाद्या मनासारख्या गोष्टीबद्दल देवदूतासारख्या त्यांच्या एलियाहू हन्नाबीचे आभार मानायचे, त्यासाठी मलिदा करतात, त्यालाही हे दहा लागतात. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, वर फळं रचलेलं मोठं ताट. मावशींनी असा मलिदा बोलला होता. पण औरंगाबादेत दहा आणायचे कुठून? त्यावर मावशींनी काढलेला तोडगा असा, की जिथं जगातली सगळी माणसं येतात तिथं जाऊन बसायचं.

म्हणजे वेरूळला.

थंडी पडली, पाहुण्यांचा हंगाम सुरू झाला की रविवारी सकाळी मावशी हलव्याचा डबा घेऊन एसटीनं वेरूळला जात, कैलास लेण्याच्या पायऱ्यांजवळ सावली बघून बसत आणि येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाला मोठ्यानं म्हणत, "शालोम!" शालोम म्हणजे त्यांच्यातला रामराम. जो आपला असेल तो उलट शालोम म्हणणार, असा हिशोब. जपानी लोक कमरेत वाकून नमस्कार करत. काही जण त्यांना लेण्याची तिकीटवाली समजून पैसे काढत. एक उंच गृहस्थ मात्र "शालोम, शालोम!" करत पुढं आले, शेजारी बसले, मावशींशी हिब्रूतून बोलायला लागले. मावशींना प्रार्थनेपुरतीच हिब्रू येई, पण आनंदाच्या भरात त्यांनी अर्धा डबा त्यांना खाऊ घातला. शेवटी कळलं की ते चर्चचे पाद्री होते आणि ती भाषा कॉलेजात शिकले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? हलवा परत कसा मागू?"

तिथले गाइड मावशींना ओळखायला लागले होते. त्यातल्या रफिकला तर माणसं हुडकायचा नादच लागला. तो खुलताबादचा, इंग्रजी फर्डा बोलायचा. एकदा लांबूनच हात हलवत धावत आला, "मावशी, जल्दी चलो! कँटीनमें एक जने पूछे, इसमें सूअर का गोश्त तो नई ना? मैं बोला, ये आदमी या तो मेरा है, या मावशी का!"

तो त्याचाच निघाला. तुर्कस्तानचा होता.

असे तीन-चार हंगाम गेले. मग ते वर्ष आलं. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मावशींच्या माहेरचे एक वृद्ध नातेवाईक, बिन्यामिनकाका, ठाण्याला राहत. ते हजान होते, म्हणजे प्रार्थना चालवणारे. मावशी त्यांना दर वर्षी आमंत्रण देत, त्या वर्षी ते खरंच आले, सोबत मावशींचे दोन भाचे. घरात तीन पुरुष एकदम बघून मावशींना स्फुरण चढलं. रविवारी सकाळी तिघांना घेऊन त्या वेरूळला गेल्या.

आणि त्याच वेळी पायऱ्यांवरून पोरापोरींचा एक घोळका वर आला. पाठीवर ही मोठमोठी ओझी, पायात चपला, अंगात ढगळे झब्बे, केस मानेवर. मावशींनी सवयीनं म्हटलं, "शालोम!"

सगळा घोळका थांबला. आणि सगळ्यांनी एका आवाजात उत्तर दिलं.

ती सगळी इस्राएलची पोरं होती. सैन्यातली नोकरी संपवून भारत बघायला निघालेली. रफिकनं लगेच मोजायला सुरुवात केली आणि ओरडला, "मावशी, पूरे दस है! काम हो गया!" मावशींनी डोळे पुसून नीट बघितलं. त्यातल्या चार मुली होत्या.

सहा आणि तीन, नऊ.

"एक मिळेल," मावशी म्हणाल्या. "नऊ मिळाले तर दहावा कुठे जातो?" त्यांनी पोरांना मराठीतून जेवायला बोलावलं, रफिकनं इंग्रजीतून समजावलं, आणि घरचं जेवण म्हटल्यावर ती पोरं ओझ्यांसकट एका जीपमध्ये कोंबून बसली. संध्याकाळी त्यांना मनमाडची गाडी धरायची होती, तोवर मोकळी होती.

दुपारी आमच्या गल्लीत जीप थांबली आणि तिच्यातून एवढे परदेशी उतरलेले बघून गल्ली घराबाहेर आली. मावशी फाटकातूनच ओरडल्या, "कौसाबाई, पोहे भिजव! सुमन, नारळ खव!" सासूबाई आणि मी कामाला लागलो. फळं म्हणून सासूबाईंनी गावाकडची मोसंबी दिली, पेरू दिले, टपोरी बोरं दिली. त्या फळांच्या उतरंडीकडं बघून बिन्यामिनकाका म्हणाले, "असा मलिदा मी ठाण्यातपण बघितला नाय."

आता डोक्याला टोप्या पाहिजेत. उघड्या डोक्यानं प्रार्थना चालत नाही. पोरांकडं टोप्या नव्हत्या. सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि माझ्या गेलेल्या सासऱ्यांच्या धुतलेल्या, इस्त्रीच्या पांढऱ्या टोप्या बाहेर काढल्या. मानेवर केस रुळणारी, एकाच्या कानात बाळी असलेली सहा पोरं पांढऱ्या टोप्या घालून ओट्यावर ओळीनं बसली, तेव्हा समोरच्या घरातले पाटील विचारायला आले की कुठली निवडणूक आहे.

सगळं तयार झालं. ताट रचलं. प्रार्थनेला लागणारं काळ्या मनुकांचं सरबत गाळून झालं. दहावा माणूस मात्र नव्हता. रफिक स्टेशनजवळच्या लॉजिंगांत विचारून रिकाम्या हातानं परत आला. उन्हं कलली. पोरं घड्याळं बघायला लागली.

सासूबाईंना राहवलं नाही. "ह्या चार पोरी हायत की चांगल्या धडधाकट. फौजेतनं आल्यात म्हणता. त्या का नाय चालत?"

"आमच्यात नाय हो चालत," मावशी म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"म्हंजी पोहे भिजवायचे बायांनी अन् मोजायचं बाप्यांना! बरं, मग आमचा अंकुश घ्या. एक डाव."

मावशींनी मान हलवली. मग त्या सैपाकघरात येऊन पाटावर बसल्या आणि आधीच लखलखीत असलेलं एक तबक पदरानं पुसायला लागल्या. "असू दे गो," त्या म्हणाल्या. "तेव्हा सात होते. आता नऊ झाले. वाढतायत ना."

"तेव्हा म्हंजी कव्हा?" सासूबाईंनी विचारलं.

मावशींनी सांगितलं ते असं. डेव्हिडकाका गेले ते उन्हाळ्यात, अचानक. ठाण्या-मुंबईला निरोप गेले, पण गाड्यांना गर्दी, कुणाला रजा नाही, वेळ कमी. सातच जण पोचले. मातीवर उभं राहून गेलेल्याच्या नावानं एक प्रार्थना म्हणतात, तिला कद्दीश म्हणतात. ती दहा जणांशिवाय म्हणत नाहीत. सात जणांनी जे म्हणता येत होतं ते म्हटलं आणि सगळे परत गेले.

"मी त्याला मुक्याने पोचवला गो," मावशी म्हणाल्या. "एवढा बोलका माणूस. खिडकीतून तिकीट देताना प्रत्येकाला विचारायचा, कुठे चाललात, घरी कोण आहे. आणि त्याला मी मुक्याने पोचवला. लेक बोलावते ये म्हणून. पण हे राहिलेला टाकून कशी जाऊ? लोकांना सांगते आभाराचा मलिदा करायचाय. मलिदा करीनच. पण आधी त्याचा नाव घ्यायचाय दहा जणांत."

सासूबाईंनी मावशींच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि स्वतःच पुसायला लागल्या.

आमचे हे सैपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मुळात बोलणं कमी. ते म्हणाले, "आमच्या कंपनीत एक साहेब आलाय, मशीन बसवायला. अमेरिकेचा. दोन महिने झाले, कँटीनमध्ये मटणाला हात लावत नाही, झिंग्याला लावत नाही. नुसती अंडी आणि केळी खातो. आजारी असंल असं वाटलं आम्हाला."

मावशींचं डोकं वर झालं. "राहतो कुठे?"

"बजाजनगरला. गेस्टहाउसवर."

"मग इथे काय करतोस रे?"

ह्यांनी स्कूटर काढली. पुढचं त्यांनी नंतर कितीतरी वेळा सांगितलंय. रस्ताभर ते 'शालोम, शालोम' घोकत गेले. साहेबाच्या समोर उभं राहायची त्यांची ती पहिलीच वेळ. साहेब खुर्चीत बसून केळं सोलत होता. ह्यांना घाम फुटला आणि तोंडून निघालं, "सलाम, साहेब!" साहेबानं मान हलवली. ह्यांनी पुन्हा धीर करून म्हटलं, "शालोम!" साहेब केळं खायचा थांबला. आता पुढं काय बोलायचं ते ह्यांनी ठरवलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली, मग एक बोट मिटलं आणि म्हणाले, "नाइन मॅन. प्रेयर. वन कमती. यू?"

"मिन्यान?" साहेबानं विचारलं.

प्रार्थनेला जमणाऱ्या दहांचं त्यांच्यातलं हे नाव ह्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं, पण त्यांनी जोरानं मान हलवली. साहेबानं केळं टेबलावर ठेवलं, बूट घातले, आणि लेसही न बांधता स्कूटरवर मागं येऊन बसला.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. पोरं ओझी पाठीला लावून निघायच्या तयारीत उभी होती. सहा फुटी, टक्कल पडलेला, घामाघूम झालेला साहेब आमच्या ह्यांच्या खांद्याला धरून येताना दिसला आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या. का वाजवायच्या ते निम्म्यांना माहीत नव्हतं. मावशी फाटकात उभ्या. साहेबच आधी म्हणाला, "शालोम."

टोप्या संपल्या होत्या. रफिकनं आपल्या खिशातली विणलेली, नमाजाची टोपी काढली आणि साहेबाच्या टकलावर ठेवली. ती बरोब्बर बसली. बिन्यामिनकाकांनी ती निरखून बघितली आणि म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आमच्यातली काय वेगळी असते?"

मग दहा जण उभे राहिले. काका बोट ठेवून एकेक अक्षर जपून वाचत होते आणि ती केसाळ पोरं तीच पोथी वर्तमानपत्र वाचावं तशी घडाघडा वाचत होती. घरी आईशी ज्या भाषेत भांडतात तीच ती भाषा, त्यांना काय! काका मध्येच थांबून कौतुकानं बघत आणि पुन्हा ओळ हुडकत. कद्दीशची वेळ आली तेव्हा काकांनी डेव्हिडकाकांचं नाव घेतलं. आवाज एकदम खाली गेला. समजत आम्हाला एक अक्षरही नव्हतं, पण दहाही जण मध्ये मध्ये एकदम "आमेन" म्हणत, आणि कुंपणाबाहेर रफिकही हात पुढं घेऊन "आमीन" म्हणत होता. मावशी दाराशी ताठ उभ्या होत्या. रडल्या नाहीत. वर्गात पहिली आलेली मुलगी नाव पुकारल्यावर उभी राहते तशा उभ्या होत्या.

त्यानंतर मलिदा झाला. ताट गल्लीभर फिरलं. चार मुलींना सासूबाईंनी स्वतः, आधी, आणि जास्त वाढलं. साहेबानं तीनदा घेतला. पोरांची गाडी चुकणारच होती, पण मनमाड पॅसेंजर नेहमीप्रमाणं उशिरा सुटली आणि ती त्यांना मिळाली. सासऱ्यांच्या टोप्या काही परत आल्या नाहीत. इस्राएलमधल्या एखाद्या घरात त्यातली एखादी पांढरी टोपी अजून खुंटीला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेले. सासूबाई मात्र कुंपणाकडं फिरकल्याच नाहीत. निवडलेली डाळ पुन्हा निवडत बसल्या. मी विचारलं, "आत्या, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? आता जातील त्या लेकीकडं. राह्यलेलं काम झालं नव्हं त्यांचं."

तेवढ्यात मावशीच दारात आल्या. कडक इस्त्रीची साडी, केसात फूल. "चल गो कौसाबाई. ह्यांच्याकडे जाऊन येऊ. सुमन, तूपण."

रिक्षानं आम्ही तिघी छावणीच्या पलीकडं गेलो. ख्रिस्ती दफनभूमीच्या भिंतीलगत, लिंबाच्या झाडाखाली, डेव्हिडकाकांची जागा होती. दगडावर त्यांचं नाव दोन लिपींत कोरलेलं. मावशींनी पदरानं धूळ झाडली आणि घरात बोलावं तशा मोठ्या आवाजात बोलायला लागल्या.

"अहो, झाला हां काल. दहा आले. सगळ्यांनी तुमचा नाव घेतला. एक तर अमेरिकेचा साहेब होता, स्कूटरवरून आला. मलिदा पुरला सगळ्यांना. ही कौसाबाई, शेजारची. तुम्ही असता तर तुमचं जमलं असतं हिच्याशी, हीपण गप्प बसत नाय." मग म्हणाल्या, "लेक बोलावते आहे. आता जायला मी मोकळी. पण मी बोलले तिला, सुट्टीला येऊन जाईन. इतकी वर्षं मला इथे राहावा लागत होता. आता मी माझ्या मनाने राहते. आणि तुमच्याकडेपण येत नाय हां इतक्यात. वाट बघू नका."

सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता. त्या हळूच म्हणाल्या, "दाजी, काळजी करू नका. आमी हावत."

त्यांच्यात जाताना दगडावर एक लहानसा खडा ठेवतात. मावशींनी ठेवला, मी ठेवला. सासूबाई मात्र भिंतीपर्यंत जाऊन, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा एक धोंडा घेऊन आल्या आणि धापा टाकत तो काकांच्या उशाशी टेकवला. मावशी हसायला लागल्या. दफनभूमीत हसू नये म्हणून तोंडाला पदर लावला तरी हसू आवरेना.

"अगो, एवढा मोठा कशाला?"

"बारका असला की वाऱ्यानं जातोय," सासूबाई म्हणाल्या. "ह्यो ऱ्हाईल."